आधी इन्स्टॉल तर होऊ दे!

समजा, चिपळूणच्या एखाद्या कॉलेजात भूगोल शिकणाऱ्या मुलीला २२ जुलै २०२१ च्या पावसाचा नकाशा काढायचाय. वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं तो दिवस. आकडे आहेत. भारतीय हवामान विभाग देशभरातला रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींमध्ये, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरच्या ठोकळ्यांमध्ये देतो. ते वाचायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजं, म्हणजे तयार प्रोग्रामांचे संच, आहेत आणि तीही फुकट. मुलगी हुशार आहे, व्हिडिओ बघून बघून पायथन शिकलीय. पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या पिप या प्रोग्रामला सांगायचं म्हणून ती 'पिप इन्स्टॉल' लिहून पॅकेजचं नाव टाकते, एंटर मारते, आणि काळ्या खिडकीत लाल अक्षरांची लांबलचक माळ उतरायला लागते. माळेच्या शेवटाकडे लिहिलेलं असतं की मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० किंवा त्यापुढचं हवं.

तिने सी प्लस प्लस मागितलंच नव्हतं. तिला पाऊस हवा होता.

अशी गरज असणारी माणसं कोकणात ठिकठिकाणी आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात पिकांचे आणि हवामानाचे आकडे जुळवले जातात, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात समुद्राच्या तापमानाच्या फाइली लागतात. सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, कातळशिल्पांच्या जागा नकाशावर घ्यायच्या तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हवं. ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून अशा नोंदींना वजनही आलंय. यातलं कुणी संगणकाच्या धंद्यातलं नाही, आणि असायची गरजही नाही. पण पहिल्याच पायरीवर अडकल्यावर बहुतेकांना वाटतं की आपल्यालाच जमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की इन्स्टॉल होणं ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची जबाबदारी आहे. हजार माणसांनी प्रत्येकी एक दुपार घालवण्यापेक्षा बनवणाऱ्याने एकदा आठवडा घालवलेला परवडला. तसं करायचे मार्ग आता आहेत. ते समजायचे तर आधी हे घोडं अडतं कुठे, ते बघावं लागेल.

फोनवर ॲप टाकताना असलं काही होत नाही, कारण ॲप स्वतःला लागणारं बहुतेक सामान बरोबर घेऊन येतं आणि बाकीचं फोनमध्ये असतंच. विज्ञानाचं सॉफ्टवेअर थरांवर थर चढून बनलेलं असतं. वर दिसतं ते पायथन. त्याखाली आकडेमोडीचं नम्पाय. नम्पायच्या खाली गणिताच्या ब्लास आणि लॅपॅक या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. त्यातल्या ब्लासचा आराखडा १९७९ चा, लॅपॅक १९९२ ची, आणि दोन्हींचं मूळ फोरट्रानमध्ये. नकाशांकडे वळलात तर गिडाल आहे, १९९८ पासून लिहिली जात असलेली लायब्ररी, जी उपग्रहचित्रांपासून सर्व्हेच्या फाइलींपर्यंत शेकडो प्रकार वाचते. ती स्वतः प्रोजवर उभी. अक्षांश-रेखांश मीटरमध्ये बदलायचं काम प्रोजचं. यूटीएम या पद्धतीत नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात आणि कोकण ४३ व्या पट्ट्यात येतं, तो हिशेब तीच करते. हवामानाच्या फाइली उघडायला नेटसीडीएफ लागते आणि तिच्या पोटात एचडीएफ५. हे सगळे थर वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेत. प्रत्येकाच्या आवृत्त्या निरनिराळ्या वेळी निघतात.

आणि हे सगळं बसवायचंय कशावर? विंडोज, मॅक की लिनक्स? चिप इंटेलच्या जातीची की एआरएमच्या? ॲपलने २०२० मध्ये चिप बदलली तेव्हा जवळजवळ प्रत्येक वैज्ञानिक पॅकेज मॅकसाठी नव्याने बांधावं लागलं. त्यात पायथनच्या चार-पाच आवृत्त्या एकाच वेळी वापरात असतात. या सगळ्यांचा गुणाकार केला की एकाच पॅकेजचे डझनावारी अवतार तयार होतात.

'बांधणं' हा शब्द इथे नीट समजून घ्यावा लागेल. माणसाने लिहिलेला प्रोग्राम, म्हणजे सोर्स कोड, चिपला थेट कळत नाही. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम त्याचं चिपच्या भाषेत रूपांतर करतो. ज्याला सोर्स मिळाला त्याला बाजारातून रातांबे आणून दिल्यासारखं आहे: फोडा, मीठ लावा, दिवस काढा, मग आगळ मिळेल. पाहुणा मात्र आलाय सरबत प्यायला. आपल्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. पिपला तयार बांधलेलं पॅकेज सापडलं नाही, म्हणून त्याने सोर्स उतरवला, तिच्याच लॅपटॉपवर बांधायला घेतला, आणि मायक्रोसॉफ्टचा तो सी प्लस प्लस कंपायलर नाही म्हणून हात वर केले.

तयार का सापडलं नाही? बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरात येते. नोव्हेंबरात कुणी साइटवर गेलं की सगळ्यात मोठं बटण त्या नव्या आवृत्तीचं दिसतं, आणि माणूस तेच दाबतो. पण त्या आवृत्तीसाठी सगळ्या पॅकेजांचे तयार अवतार निघायला काही आठवडे, कधी कधी महिने जातात. तोवर पिप सोर्सकडे वळणार आणि लाल माळ उतरणार. म्हणून पायथन घेताना एक आवृत्ती मागची घ्यावी. एवढ्या एका सवयीने निम्मा त्रास वाचतो असं मला वाटतं.

तयार अवतारांना पायथनच्या जगात 'व्हील' म्हणतात. ही पद्धत २०१३ च्या सुमारास रुळायला लागली. विंडोज आणि मॅकसाठी व्हील बनवणं त्यातल्या त्यात सोपं होतं. लिनक्स मोठा गुंता, कारण लिनक्स एक नाही, अनेक आहेत. त्यावर २०१६ मध्ये काढलेली तोड मला फार आवडते. जुन्या लिनक्सवर बांधलेला प्रोग्राम नव्या लिनक्सवर बहुधा चालतो. उलटं केलं तर चालत नाही. मग सगळ्यांनी मुद्दाम जुनाट लिनक्सवर बांधायचं ठरवलं. सेंटओएस ५ निवडलं गेलं, जे तेव्हाच म्हातारं झालं होतं. त्यावर बांधलं की जवळजवळ सगळीकडे चालायचं. या प्रकाराला 'मेनीलिनक्स' असं नाव आहे. आज बनवणाऱ्याला हे हाताने करावं लागत नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एकदा तशी व्यवस्था लावली की तिथली यंत्रं सगळ्या अवतारांची व्हील आपोआप बांधून देतात, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या प्रकल्पांना फुकट. तरीही अजून बरेच बनवणारे नुसता सोर्स टाकून देतात आणि माहितीत लिहितात की कंपायलर असणं आवश्यक. हे मला पटत नाही.

आता पिप की कोंडा हे पॅकेजं बसवायचं दुसरं साधन, हा वाद. पिप हे मुळात पायथनच्या पॅकेजांसाठी. खाली फोरट्रान किंवा सीची लायब्ररी लागत असेल तर ती व्हीलच्या पोटात कोंबावी लागते. नम्पायला ते जमतं. गिडालसारख्या अवाढव्य लायब्ररीला ते जड जातं. पिपमधून गिडाल मागवली तर सोर्सच हाती येतो, आणि मूळ लायब्ररी आपल्या यंत्रावर आधीपासून असावी अशी अपेक्षा असते. कोंडा २०१२ मध्ये निघालं ते नेमकं यासाठी. ते भाषा बघत नाही. पायथन, सी, फोरट्रान, आर, सगळ्या थरांची बांधलेली पॅकेजं ते एकाच दमात आणतं आणि एकमेकांशी जुळतील अशाच आवृत्त्या निवडतं. त्यासाठीची पॅकेजं कोंडा-फोर्ज नावाच्या साठ्यात जगभरचे स्वयंसेवक २०१५ पासून बांधत आलेत. नकाशे, हवामान, समुद्र यांतलं काही करायचं असेल तर माझा कौल सरळ कोंडाला. घेताना कोंडाचा मिनिफोर्ज हा इन्स्टॉलर घ्या. ते आकाराने लहान आहे आणि थेट कोंडा-फोर्जला जोडलेलं आहे. कोंडा काढणाऱ्या ॲनाकोंडा कंपनीच्या स्वतःच्या साठ्याच्या अटी २०२० मध्ये बदलल्या आणि मोठ्या संस्थांना तिथे पैसे लागू शकतात. कॉलेजच्या लॅबमध्ये बसवण्याआधी त्या अटी वाचाव्यात.

पिप आणि कोंडा एकाच ठिकाणी मिसळले की गंमत होते. खरं तर गंमत नव्हे. एका पॅकेजच्या पोटात प्रोजची एक आवृत्ती, दुसऱ्याच्या पोटात दुसरी. प्रोजची प्रोज-डीबी नावाची एक फाइल असते, तिच्यात जगभरच्या निर्देशांक पद्धतींची माहिती असते. प्रोग्रामने चुकीच्या आवृत्तीची फाइल उचलली की तो म्हणतो, ही फाइल जुनी आहे, मला नवी हवी. विंडोजवर हे आणखी एका वाटेने होतं. कुणीतरी पूर्वी पोस्टजीआयएस हा नकाशांचा डेटाबेस बसवलेला असतो आणि तेव्हा 'प्रोज-लिब' (PROJ_LIB) नावाची सेटिंग पूर्ण यंत्रासाठी लिहिली गेलेली असते. दोन वर्षांनी नव्या विद्यार्थ्याचं क्यूजीआयएस किंवा पायथन त्या जुन्या फोल्डरकडे बोट दाखवतं आणि कुणालाच कळत नाही का. ही एरर आली तर आधी विंडोजच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्समध्ये ते नाव शोधा.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक कामाला स्वतंत्र कप्पा, ज्याला एन्व्हायरन्मेंट म्हणतात. पावसाच्या प्रकल्पाचा एक, कातळशिल्पांचा दुसरा. एकात काही मोडलं तर कप्पा पुसून टाकायचा, बाकीचे सुरक्षित. हे वेगळे कप्पे किती उपयोगी पडतात ते जून २०२४ मध्ये दिसलं. नम्पाय २.० आलं आणि १.० च्या घराण्यावर बांधलेली कितीतरी पॅकेजं त्याच्याशी जुळेनात. ज्यांनी कप्प्यात आवृत्ती ठरवून ठेवली होती त्यांचं काम चालू राहिलं. बाकीच्यांनी सकाळी सहज अपडेट केलं आणि दुपारभर बसून राहिले.

आवृत्ती ठरवून ठेवायची तर किती कडक, हा मात्र खरोखर अवघड प्रश्न आहे. लायब्ररी बनवणाऱ्याने 'नम्पाय २ पेक्षा खालचंच' असं लिहून ठेवलं तर उद्या तिच्यामुळे शेजारच्या चार पॅकेजांचं अपडेट अडतं. काहीच लिहिलं नाही तर जून २०२४ होतं. मला पटलेली वाट अशी: लायब्ररीने हात सैल ठेवावा, आणि शेवटचं काम करणाऱ्याने, म्हणजे ज्याला शोधनिबंध लिहायचाय त्याने, आपल्या कप्प्यातल्या सगळ्या आवृत्त्यांची नेमकी यादी फाइलमध्ये गोठवून ठेवावी. त्या फाइलला लॉक फाइल म्हणतात. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून मोजतेय. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ती कुलाब्याहून तिथे हलवली गेली. तिथले जुने आकडे आजही वाचता येतात. पण तेच आकडे वाचायला २०१५ मध्ये पायथन २ मध्ये लिहिलेला प्रोग्राम आज बसवायला घेतला तर घाम फुटेल, कारण पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली.

आता आपल्याकडच्या अडचणी. परदेशातल्या मार्गदर्शिकांमध्ये या सापडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

विंडोज पहिल्यांदा चालू करताना नाव विचारतं. लॅबमधले सर प्रेमाने 'संगणक कक्ष' असं टंकतात. झालं, आता यूजर फोल्डरचं नाव मराठीत आहे आणि मध्ये मोकळी जागाही आहे. त्या फोल्डरात जे काही बसेल त्याच्या पत्त्यात हे नाव येणार. सी आणि फोरट्रानमधली कितीतरी जुनी अवजारं रोमन सोडून दुसरी अक्षरं पत्त्यात दिसली की कोसळतात, मोकळ्या जागेवरही अडखळतात, आणि एररमध्ये यातलं अवाक्षर नसतं. 'फाइल सापडत नाही' एवढंच. यात दोष नावाचा नाही, अवजारांचा आहे. पण अवजारं दुरुस्त होईपर्यंत लॅबसाठी एक वेगळं यूजर खातं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता करावं, किंवा मिनिफोर्ज थेट सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरात बसवावं. छोट्या नावाचा आणखी एक फायदा आहे: विंडोजवर फाइलच्या पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे, आणि पॅकेजांच्या फोल्डरांची उतरंड तिथवर सहज पोचते.

बनवणाऱ्यांनी करायचं काम इथे सोपं आहे. आपलं सॉफ्टवेअर एकदा देवनागरी नावाच्या फोल्डरात बसवून बघा. स्वयंचलित चाचण्यांमध्ये ही एक चाचणी घालायला दहा मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट अॅडमिन पासवर्ड. तो ज्यांच्याकडे असतो ते नेमके प्रॅक्टिकलच्या दिवशी रजेवर. मिनिफोर्ज 'फक्त माझ्यासाठी' हा पर्याय निवडला की पासवर्डशिवाय बसतं.

आणि नेट. पावसाळ्यात लाइट गेली की वायफाय गेलं, मग मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि क्यूजीआयएसचा एकच मोठा इन्स्टॉलर एक जीबीच्या वर. वीस मशीनवर वीस वेळा उतरवायचं म्हणजे दिवसाचा डेटा कुणाकुणाचा संपवणार? ते एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवरून वाटता येतं, हे आपल्याकडे सगळे करतात. थोड्यांना माहीत असतं की ओएसजीओ-फोर-डब्ल्यू हा क्यूजीआयएसचा दुसरा इन्स्टॉलर 'फक्त डाउनलोड करा' आणि 'स्थानिक फोल्डरमधून बसवा' असे दोन वेगळे पर्याय देतो, आणि त्यात हवे तेवढेच भाग निवडता येतात. पायथनमध्येही सोय आहे. 'पिप डाउनलोड' सगळी व्हील एका फोल्डरात आणून ठेवतं; मग बिननेटच्या मशीनवर पिपला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन त्या फोल्डरकडे वळवायचं. अट एकच: डाउनलोड करणाऱ्या मशीनची सिस्टीम आणि पायथनची आवृत्ती लॅबसारखीच हवी. कोंडाच्या बाबतीत कोंडा-पॅक नावाचं साधन अख्खा बसवलेला कप्पा एका फाइलमध्ये बांधतं. ती फाइल तशाच सिस्टीमच्या वीस मशीनवर उघडायची, 'कोंडा-अनपॅक' चालवायचं, की झालं.

हे वाचून कुणी डॉकरचं नाव घेईल. डॉकर २०१३ पासून आहे आणि कल्पना जबरदस्त आहे: प्रोग्रामबरोबर त्याची पूर्ण लिनक्सच पेटीत भरून पाठवायची. संशोधन संस्थांच्या मोठ्या यंत्रांवर त्याचा भाऊ ॲपटेनर वापरतात, कारण त्याला चालवायला अॅडमिनचा अधिकार लागत नाही. पण कॉलेजातल्या चार जीबी मेमरीच्या विंडोजवर डॉकर चालवायला सांगणं म्हणजे आजारापेक्षा औषध भारी. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा, विंडोजमध्ये लिनक्सची सोय बसवा, मग डॉकर. एवढं ज्याला येतं त्याला या लेखाची गरज नाही.

काहीच न बसवता काम करायचं असेल तर ब्राउझर आहे. गूगल कोलॅबमध्ये प्रोग्राम गूगलच्या यंत्रांवर चालतो आणि नेहमीची बरीच पॅकेजं आधीच बसवलेली असतात. नेट असेपर्यंत छान. त्याहून वेगळी चीज म्हणजे पायोडाइड, २०१८ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलात सुरू झालेली. यात पायथन, नम्पाय वगैरे ब्राउझरच्या आतच चालतं, तुमच्याच मशीनवर. पहिल्यांदा काही एमबी उतरतात, पुढची आकडेमोड दूरच्या सर्व्हरकडे जात नाही. सगळी पॅकेजं तिथे चालत नाहीत आणि मोठ्या फाइलींना ते पुरत नाही. पण प्रॅक्टिकलचा पहिला तास इन्स्टॉलमध्ये न घालवता थेट आलेखावर घालवायचा असेल तर सध्या याहून चांगलं काही मला दिसत नाही.

बनवणाऱ्यांपैकी कुणी वाचत असेल तर दोन शब्द. आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर ते चालतं याला काही अर्थ नाही. तिथे गेल्या पाच वर्षांत बसवलेलं सगळंच आहे. कोऱ्या मशीनवर, आपल्याच लिहिलेल्या सूचना अक्षरशः पाळून बसवून बघा. एक रेघ काढण्यासाठी गिडाल लागते का, हा प्रश्न स्वतःला विचारा. जे क्वचित लागतं ते ऐच्छिक ठेवा. सूचनांमध्ये सहा मार्ग देऊन 'सोयीचा निवडा' असं म्हणू नका. नवख्याला सोयीचा कुठला हेच तर माहीत नसतं. एक मार्ग वर, ठळक, बाकीचे खाली. बरोबर दोन-चारशे केबीची नमुना फाइल द्या, म्हणजे बसवल्या बसवल्या काहीतरी चालवून बघता येईल.

या कामाला मान मिळत नाही ही रड खरी आहे. नवी पद्धत शोधली की निबंध होतो. ती शंभर मशीनवर बसेल अशी केली तर होत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेलं 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' हा चांगला अपवाद आहे. तिथे परीक्षकाने सॉफ्टवेअर खरोखर बसवून बघायचं असतं, आणि लिहिल्याप्रमाणे बसलं का हा परीक्षेच्या यादीतलाच प्रश्न असतो. आपल्या विद्यापीठांमध्ये प्रकल्पांचे गुण देताना हा प्रश्न घातला तर बरंच काही बदलेल.

आणि तरीही बसलं नाही तर? बनवणाऱ्याला कळवा, पण कामाचं कळवा. सगळ्यात जास्त पाठवला जातो तो मोबाइलवर तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो, ज्यात शेवटच्या चार ओळी असतात. खरं कारण पुष्कळदा त्यांच्या वर, लाल माळेत कुठेतरी असतं. खालच्या ओळी म्हणजे त्यामुळे कोसळलेल्या बाकीच्या गोष्टी. खिडकीत वरपर्यंत जा, तुम्ही दिलेल्या आज्ञेपासून शेवटपर्यंतचा सगळा मजकूर कॉपी करा आणि अक्षरांच्याच रूपात पाठवा. सोबत विंडोज कुठलं, पायथनची आवृत्ती कुठली, पिपने बसवलं की कोंडाने, आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं.